दिव्याची परीक्षा

बाजारांत मडकें घेणारी गृहिणी तें बोटानें वाजवून पाहते. सराफ सोनें कसोटीस लावतो. विजेच्या दिव्याची गोष्ट निराळी. तो किती तास जळेल हें निश्चित कळावयाचें तर तो विझेपर्यंत जाळून पाहिला पाहिजे. आणि तसा पाहिला म्हणजे विकावयास कांहींच उरत नाहीं. म्हणून शितावरून भाताची परीक्षा करण्याचा मार्ग या धंद्याला आरंभापासूनच पत्करावा लागला.

ऑक्टोबर १८७९ मध्यें अमेरिकेंतील मेन्लो पार्क येथें एडिसनचा, कोळसा केलेल्या सुती दोऱ्याचा दिवा सुमारें साडेतेरा तास जळला. त्या वेळीं घड्याळ आणि माणसाचा डोळा हींच परीक्षेचीं साधनें होतीं. पुढें दिवे हजारांनीं खपूं लागले, तेव्हां विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबणें वीज-कंपन्यांना परवडेना. त्यांनीं १८९६ सालीं न्यूयॉर्क येथें दिव्यांच्या परीक्षेसाठीं स्वतंत्र कचेरी स्थापन केली. १९०४ सालीं अमेरिकन सरकारनें एका नामांकित कारखानदाराकडून दिवे मागविले. नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेनें ते तपासले, तों त्यांतील सुमारें तीन-चतुर्थांश नापास ठरले! परीक्षा कोणासाठीं असते, याचें याहून स्पष्ट उत्तर नको. ती ग्राहकासाठीं होती.

वेळेची अडचणहि युक्तीनें दूर झाली. ठरल्याहून पांच टक्के अधिक दाब दिला, तर दिव्याचें आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतें. म्हणून कांहीं नमुने जादा दाबावर जाळावे, आणि त्यांना लागलेल्या थोड्या तासांवरून खरें आयुष्य गणितानें काढावें, अशी रीत पडली.

१९२६ सालीं मात्र माणसाचा डोळा थकला. काच फुंकणाऱ्या कारागिरांची टोळी पूर्वीं मिनिटाला दोन गोळे करीत असे. त्या वर्षीं कॉर्निंग कंपनीनें आणलेलें यंत्र वितळलेल्या काचेच्या अखंड पट्टींतून मिनिटाला शेंकडों गोळे काढूं लागलें. एवढ्या लोंढ्यावर नजर ठेवणें माणसाच्या आवांक्याबाहेरचें होतें. तेव्हां यंत्राच्या कामाची तपासणीहि यंत्राकडे जाऊं लागली. निर्वात दिव्याजवळ उच्च दाबाची वीज आणली म्हणजे आंत हवा शिरली असल्यास जांभळट झळाळी दिसते. प्रकाश मोजण्याचें काम प्रकाश-विद्युत् घटाकडे आलें. आणि आज कॅमेरा प्रत्येक दिव्याचें चित्र घेतो, संगणक तें नमुन्याशीं ताडून पाहतो व सदोष दिवा पट्ट्यावरून बाजूस सारला जातो. यंत्राला झोंप नाहीं, कंटाळा नाहीं, लांच नाहीं.

परंतु यंत्र नि:पक्षपाती असलें, तरी त्याला दिलेलें माप तसेंच असेल असें नाहीं. डिसेंबर १९२४ मध्यें जिनीव्हा येथें जगांतील मोठ्या दिवे-कारखानदारांनीं ‘फीबस’ नांवाचा संघ स्थापिला. दिव्याचें आयुष्य एक हजार तास असावें असें त्यांनीं ठरविलें. त्यापूर्वीं दीड-दोन हजार तास जळणारे दिवे दुर्मिळ नव्हते. सभासदांचे नमुने स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळेंत काळजीपूर्वक तपासले जात. दिवा लवकर विझला तर दंड होई, आणि ठरल्याहून फार टिकला तरीहि दंड होई! दुसऱ्या महायुद्धानें तो संघ मोडला. तंतू अधिक तापविला कीं प्रकाश वाढतो व आयुष्य घटतें, या न्यायानें हजार तासांची मर्यादा अगदींच निराधार नव्हती. १९५१ च्या ब्रिटिश चौकशींतहि ती एक तडजोड म्हणून मान्य झाली. पण ती तडजोड ग्राहकाला विचारून झाली नव्हती. १९०४ सालीं जी परीक्षा त्याची राखण करीत होती, तीच वीस वर्षांनीं त्याच्या नकळत दुसऱ्याची चाकरी करूं लागली.

आज तंतूचा दिवा मागें पडून एलईडी आला आहे. तो एकाएकीं विझत नाहीं, हळूहळू मंदावतो. म्हणून त्याचा प्रकाश मूळच्या सत्तर टक्क्यांवर केव्हां उतरेल, हें निदान सहा हजार तासांच्या चांचणीवरून अनुमानानें काढतात. साधनें पालटलीं; शितावरून भाताची परीक्षा मात्र तीच राहिली. शीत कोणीं निवडलें आणि ‘शिजलें’ म्हणजे काय हें कोणीं ठरविलें, हें यंत्र सांगत नाहीं. तें विचारण्याचें काम अजून माणसाकडेच आहे.