लासलगाव

लासलगाव : महाराष्ट्र राज्याच्या नाशिक जिल्ह्यातील, कांद्याच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गाव. हे निफाड तालुक्यात, नाशिकच्या ईशान्येस सु. ६० किमी. अंतरावर असून मध्य रेल्वेच्या मुंबई–मनमाड–भुसावळ मार्गावरील स्थानक आहे. लगतच्या टाकळी-विंचूर व पिंपळगाव नजीक या गावांची वस्ती लासलगावच्या वस्तीला इतकी भिडली आहे, की परक्या माणसास तिन्हींच्या सीमा सांगता येत नाहीत. कांद्याचे गाव अशी ख्याती असली, तरी केवळ आपल्या शिवारातील कांद्यावर लासलगाव वाढलेले नाही. निफाड, चांदवड, येवला आणि आसपासच्या तालुक्यांतील शेतकऱ्यांचा माल मोजणे, निवडणे, भरणे, दूरदेशी पाठविणे आणि त्याचे पैसे चुकते करणे, ही या गावाची उपजीविका होय. देशातील कांद्याच्या भावाची चर्चा लासलगावच्या भावावरून सुरू होते. तो भाव ठरविणाऱ्या शक्ती मात्र पुष्कळदा लासलगावच्या बाहेरच्या असतात.

पेशवाईत हा प्रदेश सरदारांच्या जहागिरींनी व्यापलेला होता. जवळचे विंचूर हे पानिपतच्या युद्धात (१७६१) भाग घेतलेल्या विठ्ठल शिवदेव यांच्या विंचूरकर घराण्याचे ठाणे, तर उत्तरेकडील चांदवड हे होळकरांचे. लासलगावच्या उत्कर्षाचे श्रेय मुख्यतः लोहमार्गाकडे जाते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा या भागातील मार्ग १८६१ मध्ये खुला झाला आणि थळ घाटातील बांधकाम पुरे होऊन १८६५ मध्ये तो मुंबईशी अखंड जोडला गेला. तोवर बैलगाड्यांनी घाट उतरणारा शेतमाल वाघिणींतून जाऊ लागला. स्थानकाभोवती वखारी, धर्मशाळा व अडत्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. मारवाडी, जैन व गुजराती व्यापारी येथे स्थायिक झाले आणि मराठा, माळी, वंजारी इ. शेतकरी समाजांशी त्यांचा देण्याघेण्याचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या टिकला. हा संबंध केवळ विक्रीपुरता नव्हता. बी-बियाणे, औषधपाणी, लग्नकार्य यांसाठी लागणारी उचलही पेढीवरूनच मिळे आणि उचल घेतलेल्या शेतकऱ्यास माल त्याच पेढीवर आणावा लागे. या व्यवहारातील आपुलकी खरी होती आणि बांधिलकीही तितकीच खरी होती.

नियंत्रित बाजारपेठा येण्यापूर्वी अनेक ठिकाणी सौदा रुमालाखाली बोटे दाबून होत असे. माल ज्याचा, त्यालाच भाव शेवटी कळे. मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये कृषी उत्पन्न बाजार अधिनियम संमत झाला आणि लासलगाव येथे १९४७ मध्ये बाजार समिती स्थापन झाली. उघड लिलाव, प्रमाणित वजन आणि त्याच दिवशी रक्कम देण्याचा नियम यांमुळे शेतकऱ्याची बाजू काहीशी बळकट झाली. निफाड व विंचूर येथे समितीचे उपबाजार आहेत. ही आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ असल्याचे सर्रास सांगितले जाते. वर्षातील काही दिवशी पिंपळगाव बसवंत किंवा सोलापूर येथील आवक हिच्याहून अधिक असते, हे लक्षात घेता या विशेषणाचा वापर जपूनच केलेला बरा. तथापि भावाच्या बाबतीत इतर बाजारपेठा लासलगावकडे पाहतात, यात शंका नाही.

लिलावाची रीत पाहण्यासारखी आहे. पूर्वी बैलगाड्या व आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जीपगाड्या आवारात रांगेने उभ्या राहतात. व्यापाऱ्यांचा घोळका समितीच्या कर्मचाऱ्यासह एका वाहनाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. वरचे चार-दोन कांदे हातात घेऊन रंग, आकार, पत्ती आणि मानेचा सुकेपणा पाहिला जातो, बोली पुकारली जाते आणि काही क्षणांत क्विंटलचा भाव ठरतो. चार-पाच महिन्यांच्या श्रमाचा निवाडा इतक्या अल्प वेळात होतो. त्यानंतर वाहन भुईकाट्यावर वजन करून व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. तेथे माल ओतल्यावर तळाचा कांदा वरच्यापेक्षा हलका निघाल्यास व्यापारी भाव कमी करू पाहतो आणि वाद उद्भवतो. ठरलेला भाव खळ्यावर तुटतो, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. वर चांगला व खाली खराब माल भरला जातो, ही व्यापाऱ्यांची. रिकाम्या वाहनाचे पुन्हा वजन झाल्यावर हिशेबपट्टी होते.

खळ्यावरील कामाचा मोठा भार स्त्रियांवर असतो. मोठा माल, गोल्टी (लहान कांदा), जोडकांदा आणि खाद (टाकाऊ माल) अशी निवड त्या दिवसभर बसून करतात. गोण्या भरणे, शिवणे, थप्पी लावणे व वाघिणीत वा मालमोटारीत चढविणे ही कामे हमालांची, तर वजनाचे काम मापाऱ्यांचे. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीच्या १९६९ च्या अधिनियमाने अशा श्रमिकांना संरक्षणाची चौकट मिळाली. परंतु हमाली, तोलाई व त्यांवरील लेव्ही कोणाच्या पट्टीतून कापावी, याविषयीचा वाद मिटला नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच वादातून जिल्ह्यातील लिलाव बंद पडले होते. अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१६ मध्ये केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील निश्चलनीकरणानंतर रोखीच्या व्यवहारांची जागा काही काळ धनादेशांनी घेतली व ते वटण्यास होणाऱ्या विलंबाने शेतकरी अडचणीत आले. अमावास्येस लिलाव बंद ठेवण्याची येथील रूढी दीर्घकाळ पाळली गेली.

नाशिक जिल्ह्यात कांद्याचे तीन हंगाम असतात : खरिपाचा लाल किंवा पोळ, त्यामागून येणारा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळ. पहिले दोन फार टिकत नाहीत. ते काढणीनंतर लगोलग विकावे लागतात. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा मात्र चाळीत चार ते सहा महिने राहू शकतो. बुडाशी व बाजूंनी हवा खेळती राहील अशी बांबूची किंवा लाकडी पट्ट्यांची चाळ बांधतात. पूर्वी तीवर उसाचे पाचट घालीत, आता पत्रे घालतात. साठवणीत वजनघट, सड व कोंब यांमुळे मालाचा मोठा हिस्सा वाया जातो, म्हणून चाळ भरणारा शेतकरी एका अर्थी पावसाशी व सरकारी धोरणाशी पैज लावीत असतो. निफाड परिसरातील कडक थंडी, मध्यम ते काळी जमीन आणि विहिरी व कालव्यांचे पाणी या पिकास मानवते. तालुक्यातील पिंपळगाव बसवंत या गावाचे नाव ‘बसवंत-७८०’ या कांद्याच्या वाणास लाभले आहे. ‘लासलगाव कांदा’ यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

कोंब येण्याची प्रक्रिया रोखण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगाव येथे २००२ मध्ये ‘कृषक’ (कृषी उत्पादन संरक्षण केंद्र) हे किरणन केंद्र सुरू केले. येथे कोबाल्ट-६० पासून निघणाऱ्या गॅमा किरणांची अल्प मात्रा कांद्यास देतात. किरणनाने कोंब रोखले जातात. सड व वजनघट मात्र त्याने थांबत नाही. त्यामुळे शीतगृहाच्या जोडीशिवाय या प्रक्रियेचा लाभ मर्यादित राहतो आणि कांद्यासाठी तिचा वापर अपेक्षेइतका वाढला नाही. मौज अशी, की या केंद्राचे नाव जगभर झाले ते आंब्यामुळे. अमेरिकेने भारतीय आंब्यास २००७ मध्ये दार उघडले, तेव्हा किरणनाची अट पूर्ण करण्यासाठी कोकणचा हापूस घाट चढून लासलगावी येऊ लागला.

कांदा नाशवंत, गरिबाच्या ताटातील आणि मागणी सहसा न घटणारा. त्यामुळे थोडी तूट पडली तरी भाव भडकतो व थोडे अधिक पिकले तरी कोसळतो. १९७४ पासून कांद्याची निर्यात ‘नाफेड’ या संस्थेमार्फत करण्याचे धोरण स्वीकारले गेले. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी संघटनेने चाकणपाठोपाठ नाशिक जिल्ह्यात कांदा व ऊस यांच्या भावासाठी १९८० मध्ये मोठे आंदोलन उभारले. त्या नोव्हेंबरात रस्ते व लोहमार्ग रोखले गेले आणि निफाड तालुक्यातीलच खेरवाडी येथे झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. शेतमालाचा भाव हा राजकारणाचा मध्यवर्ती प्रश्न आहे, ही जाणीव या भागात तेव्हापासून रुजली. १९९८ मध्ये महाग कांद्याचा फटका दिल्लीतील सत्ताधाऱ्यांना बसला आणि शहरी ग्राहकाच्या रोषाची धास्ती पुढील प्रत्येक शासनाने घेतली. २०१९ व २०२० मध्ये निर्यातबंदी झाली. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागताच जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. केंद्राने क्विंटलला २,४१० रु. भावाने खरेदी जाहीर केली, तरी ८ डिसेंबरला पुन्हा बंदी आली. ती मे २०२४ मध्ये उठली. शुल्क पूर्णपणे हटण्यास १ एप्रिल २०२५ उजाडला. भाव वाढताना असा त्वरित हस्तक्षेप होतो. तो पडताना मात्र मदत उशिरा व तोकडी येते. २०२३ च्या प्रारंभी भाव कोसळल्यावर राज्य शासनाने क्विंटलला ३५० रु. अनुदान दिले. नोव्हेंबर २०१८ मध्ये ७५० किग्रॅ. कांद्याचे १,०६४ रु. हाती आलेल्या निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने ती सारी रक्कम मनिऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठविली होती.

लासलगावास जन्म देणाऱ्या लोहमार्गाचे महत्त्व मालमोटारींच्या वाढीबरोबर कमी झाले व मुंबई–आग्रा महामार्गावरील पिंपळगाव बसवंत ही प्रतिस्पर्धी बाजारपेठ पुढे आली. तरी उत्तर व पूर्व भारतातील दूरच्या शहरांकडे कांदा आजही रेल्वेने जातो. २०२० च्या टाळेबंदीत येथून बांगलादेशातील दर्शना येथपर्यंत कांद्याच्या मालगाड्या गेल्या. गावातील दुकाने, अवजारांची दुरुस्तीगृहे, पतसंस्था व रुग्णालये ही पंचक्रोशीतील खेड्यांच्या आधारावर चालतात. भाव चढला की सराफ व वाहनविक्रेत्यांकडे गर्दी होते. पडला की किराणा दुकानाची वही भरू लागते. नूतन विद्याप्रसारक मंडळाच्या महाविद्यालयामुळे परिसरातील मुलामुलींची, विशेषतः मुलींची, उच्च शिक्षणाची सोय झाली. विंचूर येथे द्राक्षमद्यनिर्मितीसाठी औद्योगिक क्षेत्र आहे.

पाणी ही गावाची जुनी उणीव होय. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडील कोपरगाव भागात वाहते. लासलगाव, विंचूर व इतर गावांसाठी तेथूनच उपसा करणारी सोळा गावांची पाणीपुरवठा योजना आहे. परंतु जलवाहिन्यांची गळती व थकीत वीजदेयके यांमुळे ती वारंवार खंडित होत आली आहे. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या गावातील स्त्रियांनी हंडे घेऊन मोर्चे काढावेत, ही विसंगती येथील रहिवाशांना नवी नाही. याच बंधाऱ्याच्या जलाशयावरील पक्षी अभयारण्यास २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ते व चांदवड येथील होळकरांचा रंगमहाल ही लासलगावहून सहज जाता येण्याजोगी प्रेक्षणीय स्थळे आहेत.