आयर्लंडला युरोपात जाऊन काय मिळालं?

लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावाची आपल्याकडे भरपूर चर्चा झाली. त्या देशाची मात्र फारशी झाली नाही. मला तीच गोष्ट जास्त सांगण्यासारखी वाटते.

१ जानेवारी १९७३ ला ब्रिटन आणि डेन्मार्कसोबत आयर्लंड युरोपीय आर्थिक समुदायात गेला. आधीच्या मे महिन्यातल्या सार्वमतात ८३ टक्के लोकांनी होकार दिला होता. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तरी निम्म्याहून जास्त निर्यात ब्रिटनलाच जायची आणि ब्रिटनला अन्न स्वस्तात हवं असायचं. म्हणजे गुरं आयरिश शेतकऱ्याने पोसायची आणि भाव लंडनने ठरवायचा. युरोपात शेतमालाला हमीचा भाव होता. त्यामुळे सुरुवातीला सगळ्यात खूश कोण, तर दूधवाला. (२०१९ मध्ये आपण आरसीईपीबाहेर राहिलो, तेव्हा आपला दूधवाला न्यूझीलंडच्या दुधाला घाबरला होता. बाजार उघडला की कोण कुठे उभा आहे, त्यावर सगळं असतं.)

कारखान्यांचं मात्र उलटं झालं. १९३० च्या दशकापासून जकातीच्या भिंतीआड वाढलेले बूट, कापड, मोटारी जोडण्याचे धंदे बसत गेले. कॉर्क शहरात डनलॉप १९८३ ला बंद झालं आणि १९१७ पासूनचा फोर्डचा कारखाना १९८४ ला. बेकारी १७ टक्क्यांच्या घरात गेली, पोरं पुन्हा लंडन-बोस्टनची वाट धरू लागली. सरकारची उधळपट्टीही याला जबाबदार होतीच. पण १९८७ मध्ये कुणी हिशोब मांडला असता तर सौदा फसला असंच म्हणाला असता.

एक फायदा लगेच झाला, त्याबद्दल कमी बोललं जातं. तोपर्यंत सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की राजीनामा द्यावा लागे. तो नियम १९७३ मध्येच गेला. पुढे समान वेतनासाठी सरकारने सवलत मागितली, तर ब्रुसेल्सने ती साफ नाकारली.

भरभराट आली ती १९९० च्या दशकात. लोक श्रेय युरोपच्या निधीला देतात. रस्ते झाले, प्रशिक्षण झालं, खोटं नाही. पण १९८९ मध्ये इंटेलने डब्लिनजवळचं लेक्सलिप निवडलं, ते काही रस्ते बघून नव्हे. उद्योगांना फक्त १० टक्के कर, इंग्रजी बोलणारी माणसं आणि समोर अख्ख्या युरोपची बाजारपेठ. शिवाय माध्यमिक शिक्षण १९६७ पासूनच मोफत होतं, म्हणजे युरोपात जायच्या सहा वर्षं आधी. माझ्या मते खरी गुंतवणूक ती. शिकून परदेशी गेलेले बरेच जण याच काळात परतले.

मच्छीमार मात्र आजही चिडलेले आहेत. शेतीच्या भावासाठी समुद्र देऊन टाकला, असं ते म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर बाहेरचे ट्रॉलर येऊन मासळी नेतात, हे दुखणं मालवणच्या माणसाला वेगळं सांगायला नको. २०२० च्या ब्रेक्झिट करारातही त्यांच्याच कोट्याला कात्री लागली.