साथीतल्या मृतांचा शोध कोतवाल बुकात

साथीत गेलेल्यांची आठवण स्मशानातल्या कबरी वाचून ठेवायची, ही रीत दगडावर नाव कोरणाऱ्या समाजात चालते. आष्ट्यासारख्या गावात ती तोकडी पडते. इथली बहुतेक घरं मृताला अग्नी देतात. लिंगायतांत समाधी देतात, मुसलमान दफन करतात आणि दात न आलेलं मूल अनेक हिंदू घरांतही पुरलं जातं. पण गरिबाच्या त्या जागेवर मातीचा उंचवटा किंवा बिननावाचा दगड, एवढंच असतं. केवळ कबरीवर भिस्त ठेवली तर शेतकरी, मजूर, बायका आणि तान्ही मुलं, म्हणजे ज्यांच्यावर घाव सर्वांत मोठा पडला तीच माणसं, स्मरणातून गळतात. त्यांच्या नावांचा माग काढायचा तर गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, उघडावं लागेल.

घाव किती मोठा होता, ते जनगणनेत दिसतं. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग आढळला आणि लवकरच तो घाटावर पोचला. आष्टा ज्या वाळवा तालुक्यात आहे, तो तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. या जिल्ह्याची लोकसंख्या 1891 मध्ये सुमारे 12 लाख 26 हजार होती. 1901 मध्ये ती सुमारे 11 लाख 47 हजारांवर आली. या घटीत त्या दशकातल्या दोन दुष्काळांचाही वाटा आहे, पण प्लेगचा वाटा नाकारता येत नाही. उंदीर पडू लागले की माणसं गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहत. पुढे 1918 ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली आणि एकट्या मुंबई इलाख्यात 10 लाखांहून अधिक माणसं गेली. सातारा जिल्ह्यातल्याच नायगावच्या सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांचा मृत्यू आपल्याला ठाऊक आहे, कारण तो लिहिला गेला.

लिहिलं तर गावकामगारांनीही होतं. कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 पासून हीच मोडीतली जुनी दप्तरं राज्यभर उघडली गेली. तपासणाऱ्याची नजर जातीच्या रकान्यावर थांबते. त्याच ओळीत मृत्यूचं कारणही असतं. 1918 च्या साथीने ऐन उमेदीतली माणसं, त्यातही बायका, अधिक नेली. हे आपण इलाख्याच्या आकड्यांवरून सांगतो. गावच्या वहीत तेच एकेका घराच्या नावाने वाचता येईल. आई आणि तिच्यामागोमाग तिचं तान्हं मूल अशा लागोपाठच्या नोंदी सापडल्या, तर त्या घरात काय घडलं ते कुठल्याही शिळेपेक्षा त्या अधिक सांगतील.

या नोंदी विश्वासार्ह नाहीत, असा आक्षेप येईल, आणि तो अंशतः खरा आहे. मृत्यूचं कारण लिहिणारा डॉक्टर नव्हता. मानमोडीने गेलेल्यापुढे नुसतं ‘ताप’ लिहिलेलं असे. साथ भरात असताना लिहिणाराच आजारी पडे आणि नोंदी राहून जात. पण निदान चुकलं म्हणून माणूस खोटा ठरत नाही. एखाद्या महिन्यात नेहमीच्या कितीतरी पट मृत्यू लिहिलेले असतील, तर ती गर्दीच साथीची साक्ष आहे. दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडे श्राद्ध आहे, वेगळं स्मारक कशाला? श्राद्धात नावाने उच्चार होतो तो बाप, आजा, पणजा या तीन पिढ्यांचा. 1918 चे मृत बहुतेक घरांत त्यापलीकडे गेले आहेत आणि ज्यांचा वंशच बुडाला त्यांना पाणी देणारं कुणी उरलं नाही. सर्वपित्री अमावास्येला त्यांना घास मिळतो, पण त्यांची नावं कुणी घेत नाही.

म्हणून ज्या वह्या शाबूत आहेत त्या आधी जपल्या पाहिजेत, मोडी जाणणाऱ्यांकडून देवनागरीत उतरवून घेतल्या पाहिजेत. मग 1897 ते 1918 या काळातली नावं जातीचा रकाना बाजूला ठेवून एका यादीत आणावीत आणि ती नगरपरिषदेत, शाळांत, सगळ्यांना वाचता येईल अशी लावावी. अग्नी दिलेले, पुरलेले, समाधी दिलेले सगळे शेजारी शेजारी येतील, असं आष्ट्याचं साथस्मारक या यादीतूनच उभं राहू शकतं.