ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला ब्रेक: कोणता निवडावा, कसा बसवावा, कसा जुळवावा

गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. पुढे दोन टनांचा ट्रॅक्टर आणि मागे त्याच्या पाच-सहा पट वजन. पण ब्रेक बहुतेक ठिकाणी फक्त ट्रॅक्टरलाच असतो. ट्रॉलीला ब्रेक नसतो, किंवा नवी असताना होता आणि पुढे त्याच्या दांड्या काढून गोठ्यात टाकल्या, अशी गत असते. सपाट रस्त्यावर हळू चालवताना हे खपून जातं. उतार, ओला रस्ता किंवा अचानक आडवी आलेली मोटारसायकल असली की खपत नाही. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक का लागतो, कोणत्या प्रकारचा ब्रेक कुणाला परवडतो आणि बसवल्यावर तो जुळवायचा कसा, याची ही माहिती.

आधी हिशेब समजून घ्या

हा हिशेब ढोबळ आहे, पण कारखान्याच्या वजनकाट्याची पावती हातात घेऊन प्रत्येकाला स्वतःचा करता येतो.

समजा ट्रॅक्टर २ टन, चारचाकी रिकामी ट्रॉली २ टन आणि माल १० टन. एकूण १४ टन. ट्रॅक्टरचा ब्रेक मागच्या दोन चाकांवर चालतो आणि त्या चाकांवर वजन असतं साधारण १,३०० किलो. कोरड्या, स्वच्छ डांबरावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या जेमतेम ६० टक्के पकड देतो. म्हणजे ट्रॅक्टरच्या ब्रेकची सगळी ताकद झाली ७८० किलो. ब्रेक नवा असो की जुना, तेलातला असो की कोरडा, टायरच्या पकडीपुढे तो जाऊ शकत नाही.

आता उताराचा हिशेब. २० फुटांना १ फूट उतार म्हणजे फार मोठा घाट नव्हे, गावाजवळच्या ओढ्याकडे उतरणारा रस्ताही एवढा असतो. अशा उतारावर १४ टनांचा विसावा भाग, म्हणजे ७०० किलो जोर गाडीला खाली ओढतो. ब्रेकचे ७८० आणि उताराचे ७००. हातात शिल्लक राहिले ८० किलो. रस्ता ओला असेल किंवा शेतातून आलेला चिखल टायरला असेल, तर पकड निम्म्यावर येते. मग ब्रेक दाबलेला असूनही ट्रॅक्टर घसरत पुढे जातो.

सपाट रस्त्यावरचं चित्रही पाहा. ताशी २० किलोमीटर वेगात एकटा ट्रॅक्टर सुमारे ४ मीटरमध्ये थांबतो. तोच ट्रॅक्टर १२ टनांची बिनब्रेकची ट्रॉली घेऊन थांबायला २८ मीटर घेतो. चालकाला ब्रेक दाबायला लागलेला वेळ यात धरलेला नाही.

खरी पकड आहे ट्रॉलीखाली. ट्रॉलीच्या मागच्या एक्सलवरच ६ टन वजन असतं. त्यातून मिळू शकणाऱ्या पकडीपैकी निम्मी जरी वापरली, तरी तीच गाडी ८-९ मीटरमध्ये थांबते. वजन ज्या चाकांवर आहे, ब्रेक त्याच चाकांना हवा. सगळा विषय एवढाच आहे.

ट्रॉली ढकलते तेव्हा काय होतं

बिनब्रेकची ट्रॉली मागून ढुशी देते. रस्ता सरळ असेल तर ट्रॅक्टर नुसता पुढे सरकतो. वळण असेल तर ट्रॅक्टरची मागची बाजू बाहेर फेकली जाते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि जोडणी अडकित्त्यासारखी मिटते. चालक मधे सापडतो.

ब्रेकऐवजी इंजिनावर गाडी धरतो, असं जुने चालक सांगतात. ते बरोबर आहे, पण अर्धंच. लहान गिअरमध्ये इंजिन गाडी रोखतं ते त्याच मागच्या दोन टायरमधून. टायर सुटला की इंजिनाची रोखही सुटली. फोर व्हील ट्रॅक्टरला पुढच्या चाकांची पकड जोडीला मिळते, म्हणून उतारावर तो थोडा सरस ठरतो. तरीही बारा टन ते बारा टनच.

ट्रॉलीच्या ब्रेकचे प्रकार

*हँडब्रेक.* ट्रॉलीच्या दांड्यावर किंवा बाजूला लिव्हर असतो. उभी ट्रॉली जागेवर राहावी एवढ्यासाठीच तो असतो. चालत्या गाडीत त्याचा उपयोग नाही. असला तरी उतारावर उभी करताना चाकाला दगड किंवा लाकडी पाचर लावावीच.

*ढकल ब्रेक.* ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे सरकते. ते सरकणंच दांड्यातल्या सळईतून ब्रेक ओढतं. ट्रॅक्टरला काहीच बसवावं लागत नाही, हा मोठा फायदा. त्यामुळे कोणत्याही ट्रॅक्टरला ट्रॉली जोडता येते. तोटे दोन. मागे घेताना ब्रेक आपोआप लागतो, म्हणून आधी खटका लावावा लागतो, आणि पुढे निघताना तो काढायला लोक विसरतात. दुसरं म्हणजे जड मालाला हा ब्रेक अपुरा पडतो. शेणखत, कडबा, विटा, पाण्याची टाकी अशा हलक्या-मध्यम कामाच्या ट्रॉलीला तो ठीक आहे.

*हायड्रॉलिक ब्रेक.* ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबावर ट्रॉलीच्या एक्सलवरचे सिलिंडर चालतात. यात मुख्य वस्तू म्हणजे ट्रेलर ब्रेक व्हॉल्व्ह. तो ट्रॅक्टरच्या पेडलला जोडलेला हवा, म्हणजे पाय जेवढा दाबेल तेवढाच दाब ट्रॉलीला जातो. काही गॅरेजवाले हा व्हॉल्व्ह वाचवतात आणि ट्रॉली पलटी करायच्या लिव्हरवरच ब्रेकचा पाइप जोडून देतात. असं करू नये. त्या लिव्हरला कमी-जास्त कळत नाही. ओढला की पूर्ण दाब जातो, चाकं जाम होतात आणि ट्रॉली बाजूला सरकते. शिवाय ऐन वेळी चालकाचा हात स्टिअरिंगवर असायला हवा, लिव्हर शोधत नव्हे. आणखी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी: इंजिन बंद पडलं की पंप बंद, आणि पंप बंद पडला की नवा दाब मिळत नाही.

*हवेचा ब्रेक.* ट्रकला असतो तसा. इंजिनवर कॉम्प्रेसर, हवेची टाकी, पेडलला व्हॉल्व्ह, मागे पाइप आणि ट्रॉलीच्या एक्सलवर बुस्टर. खर्च जास्त, पण जड ऊस वाहतुकीला आणि दोन ट्रॉल्यांना हाच जास्त भरवशाचा. टाकीत हवा साठलेली असल्यामुळे इंजिन बंद पडलं तरी काही वेळा ब्रेक मारता येतो. ट्रकचे फिटर तालुक्याच्या गावी सापडतात, त्यामुळे दुरुस्तीची अडचण कमी.

*इलेक्ट्रिक ब्रेक.* मोबाईलवर व्हिडिओ पाहून याची चौकशी बरेच जण करतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात जीप-पिकअपमागच्या ट्रेलरला तो सर्रास असतो. ट्रॉलीच्या ड्रममध्ये १२ व्होल्टचं लोहचुंबक असतं. करंट मिळाला की ते ड्रमला चिकटतं आणि शू उघडतात. चालकाजवळ कंट्रोलर नावाची डबी असते, ती करंट किती सोडायचा ते ठरवते. साधा कंट्रोलर पेडल दाबल्यावर ठरावीक वेळात करंट वाढवत नेतो. चांगला कंट्रोलर गाडी किती जोरात थांबते आहे ते ओळखून तेवढाच करंट देतो. ट्रेलर सुटला तर एक पिन ओढली जाते आणि ट्रेलरवरच्याच बॅटरीतून ब्रेक लागतो. ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या पुढे ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे, आणि २ टनांच्या पुढे सगळ्या चाकांना ब्रेक व ही सुटल्यावर लागणारी सोय दोन्ही लागतात. आपल्या उसाच्या ट्रॉलीला मात्र हा प्रकार जमणारा नाही. वजन फार, चिखल-पाणी फार, आणि चुंबक जळालं तर तालुक्याला ते मिळणार कुठे? पण त्याची जुळवणीची पद्धत शिकण्यासारखी आहे, ती पुढे येईल.

निवडताना विचारायचे प्रश्न

किट घेण्याआधी गॅरेजवाल्याला हे पाच प्रश्न विचारावेत.

१. पाइप तुटला किंवा ट्रॉली सुटली, तर ब्रेक लागतो की सुटतो? लागणारा असेल तोच घ्यावा.
२. पाय हलका दाबला तर ब्रेक हलका लागतो का?
३. एक्सल, ड्रम आणि लायनर आपल्या भरलेल्या वजनाला पुरेसे आहेत का? जुन्या बारीक एक्सलवर मोठा बुस्टर बसवून उपयोग नाही.
४. लायनर, डायफ्रॅम, सील तालुक्याच्या दुकानात मिळतात का?
५. पक्कं बिल मिळेल का? विम्याच्या वेळी आणि आरटीओत तेच उपयोगी पडतं.

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर पेडल किंवा हायड्रॉलिकला हात लावण्याआधी डीलरला विचारावं. गाडीत बदल करण्याआधी आरटीओतही चौकशी करावी.

बसवल्यावर जुळवणी

किट बसवलं म्हणजे काम झालं, असं नाही. अर्धं काम जुळवणीचं असतं.

*पहिला ट्रॅक्टर.* डाव्या-उजव्या पेडलची ढील सारखी हवी. शेतात वळायला दोन्ही पेडल वेगळी ठेवतात. रस्त्यावर येताना मधली पट्टी लावून ती एकत्र केलीच पाहिजेत. विसरून एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि मागचं वजन त्याला उलटं करतं.

*मग ट्रॉलीची चाकं.* जमीन सपाट पाहून, इतर चाकांना पाचर लावून, जॅकखाली मजबूत टेकू देऊन चाक उचलावं. चाक जाम होईपर्यंत ॲडजस्टर आवळावा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत थोडा मागे घ्यावा. डाव्या आणि उजव्या बाजूला दांडी सारखीच सरकली पाहिजे. एक बाजू आधी पकडली तर ट्रॉली त्या बाजूला ओढते.

*मग वेळ.* ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या बरोबर किंवा केसभर आधी लागावा. नंतर कधीच नको. दोन ट्रॉल्या असतील तर सर्वांत मागची आधी थांबली पाहिजे, म्हणजे जोडणी ताणलेली राहते. ब्रेक एकाच ट्रॉलीला असेल तर ती मागे जोडावी.

*शेवटी चाचणी.* इलेक्ट्रिक कंट्रोलरवाले मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारत करंट थोडा थोडा वाढवतात, चाकं जाम व्हायच्या बेतात आली की एक पायरी खाली घेतात. वजन बदललं की पुन्हा तपासतात. हीच रीत इथे वापरावी. मोकळं, सपाट, कोरडं मैदान पाहावं. वेग चालण्याच्या दुप्पट, त्याहून जास्त नको. आधी रिकामी ट्रॉली, मग अर्धी, मग भरलेली.

ब्रेक मारल्यावर मागून ढुशी बसली तर ट्रॉलीचा ब्रेक उशिरा किंवा कमी लागतो आहे. मागे हिसका बसला तर तो फार लवकर किंवा जास्त लागतो आहे. रिकाम्या ट्रॉलीची चाकं घासटून रस्त्यावर काळे पट्टे उमटले तर दाब कमी करावा. दहा-पंधरा वेळा ब्रेक मारून झाल्यावर प्रत्येक हबवर थोडं पाणी शिंपडावं. एकावर चर्र होऊन वाफ आली आणि दुसरा थंडच राहिला, तर थंड चाक काम करत नाही.

रोज निघण्याआधी

• हवेच्या टाकीतलं पाणी सोडावं. टाकी भरल्यावर इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरावा. फुसफुस ऐकू आली किंवा गेजचा काटा भराभर उतरला तर गळती शोधावी.
• हायड्रॉलिक कपलिंग पुसूनच जोडावं. कचरा गेला तर व्हॉल्व्ह अडकतो.
• हूकच्या पिनला खटका, आणि जोडीला साखळी.
• मागे रेडियम आणि दिवा. आपण थांबलो तरी मागच्याला दिसलं पाहिजे.
• दोनचाकी ट्रॉलीत माल मागे सरकलेला नको. मागचं वजन हूक वर उचलतं, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक तेवढाच कमी लागतो.
• उतार सुरू होण्याआधीच गाडी थांबल्यासारखी हळू करून लहान गिअर टाकावा. मधे क्लच दाबू नये, न्यूट्रल तर कधीच नको. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं सगळ्यात महाग पडतं.

ब्रेक आहे म्हणून जादा माल नको

ब्रेक बसवला की आणखी दोन टन भरायचा मोह होतो. तसं केलं तर मिळालेली सुरक्षा तिथेच संपली. ट्रॉलीच्या आरसी बुकात भरलेल्या गाडीचं कमाल वजन लिहिलेलं असतं, ते वजनकाट्याच्या पावतीशी ताडून पाहावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. ट्रॉलीची नोंद विम्यातही आहे की नाही, हे पॉलिसी उघडून पाहून घ्यावं.

एकदम सगळं परवडत नसेल, तर क्रम असा ठेवावा: आधी पेडलची पट्टी, पिन, साखळी आणि रेडियम, कारण त्याला फारसा खर्च नाही. मग ट्रॉलीचा जुना ब्रेक असेल तर तो दुरुस्त करावा. त्यानंतर नवं किट, आणि तेही हंगामाच्या आधी. कारखाना सुरू झाल्यावर गॅरेजमध्ये ट्रॉली दोन दिवस उभी ठेवायला कुणालाच वेळ नसतो.