ग्रीन बॅनची कुळकथा

सिडनीच्या हंटर्स हिल या सुखवस्तू उपनगरात, पॅरामॅटा नदीच्या काठी, पाचेक हेक्टरांचं रान उरलं होतं. त्याचं नाव केलीज बुश. ए. व्ही. जेनिंग्ज या बांधकाम कंपनीला तिथे महागडी घरं उठवायची होती. 1970 मध्ये तिथल्या 13 जणींनी रान वाचवायचं ठरवलं. नगरपालिका झाली, मंत्री झाले, राज्याचे प्रमुख रॉबर्ट अ‍ॅस्किन यांचं दारही वाजवून झालं. अर्जविनंत्यांनी पान हलेना, तेव्हा 1971 मध्ये या बायका बांधकाम मजुरांच्या लाल बावट्याच्या युनियनकडे गेल्या. बंगल्यांत राहणाऱ्या गृहिणींना तो उंबरा ओलांडताना काय वाटलं असेल, याची कल्पना करायला मजा येते.

बिल्डर्स लेबरर्स फेडरेशन ही बिगाऱ्यांची युनियन. परांच्या बांधणारे, काँक्रीट ओतणारे, क्रेनच्या हुकाला माल अडकवणारे, जुन्या इमारती पाडणारे असे अकराएक हजार सभासद न्यू साउथ वेल्स शाखेत होते. सचिव होते जॅक मंडी. उत्तर क्वीन्सलँडमधून रग्बी लीग खेळायला सिडनीत आलेला हा माणूस पुढे बिगारी झाला आणि कम्युनिस्टही. युनियनने लगेच होकार दिला नाही. आधी जाहीर सभा घ्या, लोकांना हे हवंय हे दिसू द्या, अशी अट घातली. सभेला 600 माणसं आली आणि केलीज बुशवर बहिष्कार पुकारला गेला. कंपनी म्हणाली, आम्ही युनियनबाहेरचे मजूर आणू. त्यावर नॉर्थ सिडनीत याच कंपनीच्या इमारतीवर काम करणाऱ्या मजुरांनी ठराव केला: तिकडे एका झाडाला हात लावाल तर ही इमारत कायमची अर्धवट राहील, केलीज बुशचं स्मारक म्हणून. कंपनीने माघार घेतली. ते रान 1983 मध्ये सार्वजनिक झालं.

मंडी आणि त्यांच्या साथीदारांच्या हाती आलेलं हत्यार मात्र जुनं होतं. ऑस्ट्रेलियात त्याला ‘ब्लॅक बॅन’ म्हणत: अमक्या मालकाचं काम करायचं नाही, तमक्या मालाला हात लावायचा नाही. 1938 मध्ये पोर्ट केंब्लाच्या गोदी कामगारांनी जपानकडे जाणारं बिडाचं लोखंड जहाजावर चढवायला नकार दिला, कारण त्याचे बॉम्ब होऊन चीनवर पडतील. तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट मेन्झीज यांना त्या झगड्यात ‘पिग आयर्न बॉब’ हे नाव चिकटलं ते कायमचं. 1945 मध्ये इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यासाठी ऑस्ट्रेलियन बंदरांत डच जहाजांवर बहिष्कार पडला, त्यात हिंदी खलाशीही उतरले होते. या दोन्ही लढ्यांत पगाराची मागणी नव्हती. आपल्या श्रमाचं पुढे काय होणार, हे विचारण्याचा हक्क कामगाराला आहे, एवढंच म्हणणं होतं. माझ्या मते ग्रीन बॅनचं मूळ इथे आहे, झाडांच्या प्रेमात नाही.

1973 मध्ये मंडींनी ‘ब्लॅक बॅन’ऐवजी ‘ग्रीन बॅन’ हा शब्द रूढ केला. तोवर बंदीची यादी लांबली होती. ऑपेरा हाउसच्या वाहनतळासाठी बोटॅनिक गार्डनमधले अंजिरवर्गीय जुने वृक्ष जाणार होते, सेंटेनियल पार्कलगत ऑलिंपिकसाठी क्रीडासंकुल येणार होतं, द रॉक्स या जुन्या वस्तीतली कामगारांची घरं पाडून टॉवर उभे राहणार होते. सेंटेनियल पार्कच्या आंदोलनात कादंबरीकार पॅट्रिक व्हाइटही होते, त्यांना नोबेल मिळालं त्याच्या थोडं आधी. 1971 ते 1974 या काळात चाळीसहून अधिक बंद्या पुकारल्या गेल्या. प्रत्येक बंदीला नियम एकच: रहिवाशांनी बोलवावं, सभेने ठरवावं. युनियनने आपण होऊन कुठलंही झाड निवडलं नाही. या नियमाकडे फार कमी जणांचं लक्ष जातं.

पण काम थांबलं की मजुरी बुडते, ती बिगाऱ्याचीच. विरोधकांचा हा सवाल खोटा नव्हता. मंडींचं उत्तर असं: शहरात रिकामी कार्यालयं पडून आहेत, आम्हाला इस्पितळं, शाळा आणि परवडणारी घरं बांधायला लावा. म्हणजे वाद इमारतीच्या उंचीचा राहिला नाही. काय बांधायचं हे नफा ठरवणार की लोक, हा झाला. बांधकाम भांडवलाला हे पचण्यासारखं नव्हतं. आणि शेवटचा घाव घातला तो घरच्यांनीच. 1974 मध्ये फेडरेशनचे केंद्रीय सचिव, माओवादी नॉर्म गॅलॅगर, न्यू साउथ वेल्स शाखा ताब्यात घ्यायला उतरले. मार्च 1975 मध्ये मंडींच्या साथीदारांनी हात टेकले. याच गॅलॅगरना पुढे बांधकाम कंपन्यांकडून लाच घेतल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं. सिडनीतल्याच व्हिक्टोरिया स्ट्रीट या रस्त्यावरची घरं वाचवण्यासाठी लढणाऱ्या पत्रकार वॉनिटा नील्सन 4 जुलै 1975 रोजी बेपत्ता झाल्या, त्या आजतागायत सापडलेल्या नाहीत.

1977 मध्ये पश्चिम जर्मनीच्या कार्यकर्त्या पेट्रा केली ऑस्ट्रेलियात आल्या. त्यांनी इथूनच ‘ग्रीन’ हा शब्द युरोपात नेला, असं ऑस्ट्रेलियन ग्रीन्स या पक्षाचे माजी नेते बॉब ब्राउन सांगत आले आहेत. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या संसदेने व्यापारविषयक कायद्यात कलम घालून तिसऱ्या पक्षाला वेठीस धरणारे बहिष्कार बेकायदा ठरवले. पुढे त्यात पर्यावरणासाठीच्या बहिष्काराला सूट मिळाली, पण एका अटीवर: ती कामगारांची औद्योगिक कारवाई असता कामा नये. रान वाचवायला गृहिणीला मोकळीक, बिगाऱ्याला नाही.

हवामानाच्या चळवळीने याच फटीतून वाट काढली. क्वीन्सलँडमधल्या अदानींच्या कारमायकल कोळसा खाणीला पैसा, विमा, अभियांत्रिकी सेवा मिळू नये म्हणून कार्यकर्ते बँका आणि कंत्राटदार कंपन्यांच्या मागे लागले. देशातल्या चारही मोठ्या बँका दूर राहिल्या. 1 नोव्हेंबर 2019 रोजी पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी खाणमालकांसमोर सांगितलं, की असे बहिष्कार रोखण्याचे मार्ग सरकार शोधत आहे. 2020 च्या जानेवारीत सीमेन्सने खाणीच्या रेल्वेचं सिग्नलचं कंत्राट सोडायला नकार दिला. रूळ पडले, खाण चालू झाली. सिग्नल बसवणाऱ्यांच्या सभेने काही ठरवलं असतं, तर ते बेकायदा ठरलं असतं.