उरली फक्त ६५ मुलं

न्यूयॉर्कच्या शाळांमधली अकरा वर्षांची १,००० मुलं. त्यांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढून झालेले! १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनच्या पाहणीतला हा आकडा. खरी गंमत मात्र त्याच्या पुढे आहे. बाकीची ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, तर त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सांगितली. ज्यांना सांगितली नाही ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. तिथे ९९ घसे सदोष निघाले. तरीही सुटलेल्या ११६ मुलांना तिसऱ्यांदा तपासलं, तेव्हा आणखी ५१. राहिली ६५ मुलं. ती वाचली, कारण तपासायला नवे डॉक्टरच उरले नव्हते.

तीनही फेऱ्यांत प्रमाण जवळपास सारखंच, शंभरात पंचेचाळीसच्या आसपास. दोष घशात कमी आणि बघणाऱ्याच्या सवयीत जास्त होता, असंच म्हणावं लागतं.

ही सवय लागली कुठून? फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिझिक यांनी १८२८च्या सुमारास टॉन्सिल छाटण्याचं गिलोटिन बनवलं आणि काम झटपट होऊ लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक सिद्धांत जोरात होता: दात किंवा टॉन्सिलमध्ये दडलेला जंतुसंसर्ग सांध्यांपासून हृदयापर्यंत कुठेही रोग पसरवतो. मग निरोगी दिसणारा टॉन्सिलही संशयित ठरला.

इंग्लंडमध्ये डॉ. ॲलिसन ग्लोव्हर यांनी १९३८ साली टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांचे जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे शेजारी ठेवले, तेव्हा मोठी तफावत दिसली. हॉर्न्सी या भागात १९२८ साली शाळकरी मुलांवर अशा १८६ शस्त्रक्रिया झाल्या होत्या, १९२९ साली फक्त १२. मधल्या काळात शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलले होते, एवढंच. मुलांच्या तब्येतीवर त्याचा वाईट परिणाम दिसला नाही.

त्यात पोलिओची भीती. नुकतेच टॉन्सिल काढलेल्या मुलांना पोलिओ झालाच, तर तो श्वास आणि गिळणं बंद पाडणाऱ्या घातक रूपात होण्याचा धोका जास्त असे. म्हणून साथीच्या दिवसांत शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जात. पुढे पेनिसिलिन आलं आणि कात्रीची घाई आणखी कमी झाली.

शस्त्रक्रिया कुणाची करायची, याच्या मोजमापाची शिस्त १९८४ साली पिट्सबर्गच्या डॉ. जॅक पॅराडाइज यांच्या अभ्यासाने घालून दिली. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा, किंवा तीन वर्षं तीन-तीन वेळा घसा धरलेली मुलंच त्यांनी अभ्यासात घेतली. शस्त्रक्रिया झालेल्यांना पहिली दोन वर्षं आराम पडला. न झालेल्यांपैकीही अनेकांचा घसा वर्षात तीनपेक्षा कमी वेळाच बिघडला, आणि बहुतेक दुखणी सौम्य होती.