कोयती आणि कबजा

चतुर्थीच्या सुमारास गोव्यांतील कोणत्याही जुन्या घराचें परसूं पाहावें. टाकळा कमरेला लागतो, कुंपणाकडून घाणेरी आणि रानमोडी आंत सरकलेली असते, आणि विहिरीची वाट कोठून होती हें घरच्या माणसालाही आठवावें लागतें. नवरात्र उलटून ऊन स्थिरावलें कीं माळ्यावरची कोयती खालीं येते, दगडावर तिला धार लागते आणि बेणणीस आरंभ होतो.

कोयती हें कोयत्याचें धाकटें भावंड. पातें टोंकाशीं आंत वळलेलें, मूठ लांकडाची. घाव घालण्यापेक्षां ओढून कापण्याचें काम तिच्याकडे अधिक. जाणता गडी डाव्या हातांत काठी धरतो, काठीनें झुडूप वाकवतो आणि बुडाशीं कोयती ओढतो. झाडींत मोकळा हात घालीत नाहीं, कारण तेथें कोणाचें वास्तव्य आहे हें आधीं ठाऊक नसतें. काप उंच आणि तिरका ठेवला तर खुंट भाल्यासारखा उभा राहतो व अनवाणी पायांत शिरतो. म्हणून पातें जमिनीस टेंकेल इतकें खालीं न्यावें लागतें. रानमोडी फुलून बीं धरण्यापूर्वीं कापली नाहीं तर तें बीं वाऱ्यावर उडून शेजाऱ्याच्याही परसांत जातें, आणि खुंटाला पुन्हां फूट येते ती निराळीच. घाणेरी काय किंवा रानमोडी काय, दोन्ही मूळच्या अमेरिका खंडांतल्या. मिरची आणि काजूप्रमाणें त्याही दर्या ओलांडून आल्या.

हें दरवर्षींचें सामान्य काम आम्हां वकिलांना दुसऱ्या अंगानें भेटतें. जमिनीच्या दाव्यांत साक्षीदार उभा राहिला कीं प्रश्न ठरलेले असतात: नारळ कोण पाडीत असे? मेर कोण बांधीत असे? झाडी कोण तोडीत असे? कागद मालकी सांगतो. पण कबजा कोणाचा हें पुष्कळदा कोयतीलाच विचारावें लागतें.

ही विचारपूस फार प्राचीन आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत, ज्यानें खुंट उपटून रान मोकळें केलें त्याचें शेत आणि ज्याचा बाण आधीं लागला त्याचें हरीण, अशा अर्थाचें वचन आहे. मौज अशी कीं हें वचन तेथें जमिनीच्या प्रकरणांत येत नाहीं. बीज एकाचें व क्षेत्र दुसऱ्याचें असतां संतति कोणाची, या वादांत तें दृष्टांतादाखल आलें आहे. दृष्टांत द्यावयाचा तो सर्वांना मान्य असलेल्या गोष्टीचाच द्यावा लागतो. तेव्हां रान मोडील त्याची जमीन, ही समजूत त्या काळीं वादापलीकडची होती असें अनुमान काढण्यास हरकत नाहीं.

गोव्याच्या इतिहासांत हेंच तत्त्व एका परकी सरकारच्या कागदांत उतरलेलें सांपडतें. पोर्तुगीजांचा खजिन्याचा अधिकारी आफोंसो मेशिया यानें १६ सप्टेंबर १५२६ रोजीं तिसवाडी व आसपासच्या बेटांवरील गांवकरांचे रीतिरिवाज ४९ कलमांत नोंदवून घेतले. हा कागद ‘फोराल’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत गांवकरीचें मूळ असें सांगितलें आहे कीं पूर्वीं चार पुरुष ओसाड बेटावर येऊन राहिले, त्यांनीं तेथें लागवड केली, वस्ती वाढली, आणि त्यांच्या चांगल्या कारभारामुळें ते गांवकर म्हणविले गेले. पडीक जमीन लागवडीसाठीं देण्याचा अधिकार गांवकरांचा, हेंही त्या कागदानें मान्य केलें. परशुरामानें बाण मारून सागर हटविला ही आपली श्रद्धा आहे. पण बाणानें मिळालेल्या भूमीवरही पुढें झुडूप उगवतेंच, आणि तें काढण्यास कोणी तरी वांकावेंच लागतें.

तें कोणी काढलें? येथें आम्हांला थोडें थांबावेंसें वाटतें. चार पुरुषांनीं एक बेट साफ केलें हें वाचावयास सुंदर आहे; परंतु दलदल अडवून खाजन करणें, डोंगरउतारावर कुमेरी लावणें आणि रान मोडून कुळागर उभें करणें हीं कामें चार जोडी हातांचीं नव्हेत. गावडे, कुणबी, वेळीप हे या भूमीचे फार जुने रहिवासी. त्यांच्या कमरेच्या आंकडींत कोयता पिढ्यान् पिढ्या लटकत आला. फोरालांत नांव लागलें तें गांवकराचें. कागद लिहिणाऱ्यानें जो समोर आला त्याची जबानी घेतली, असें म्हणून त्यास दोष देतां येणार नाहीं. पण त्या कागदावर उभ्या राहिलेल्या हक्काला आपण ‘रान मोडणाऱ्याचा हक्क’ म्हणतों तेव्हां ती अर्धीच गोष्ट असते.

कागद झाल्याला पुरीं पन्नास वर्षें लोटलीं नाहींत तोंच त्याच भूमीवर उलटें घडलें. तिसवाडी, बार्देश आणि साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, वेरण्याची महालसा म्हार्दोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास. फोंडा महाल तेव्हां पोर्तुगीजांकडे नव्हता. तो त्यांच्या हातीं १७६३ सालीं आला. आज जेथें दीपमाळ आणि तळी दिसते तेथें एके काळीं झाडी तोडून देवासाठीं हातभर जागा मोकळी करावी लागली. मागें राहिलेल्या मूळ जागांवर दुसऱ्या इमारती उठल्या किंवा रान माजलें. दिवाडीच्या नार्व्याचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे डिचोलींतल्या नार्व्यास स्थिरावला. तेथें शिवाजी महाराजांनीं १६६८ च्या नोव्हेंबरांत देऊळ उभारविल्याचा शिलालेख आजही आहे. रान मात्र नेहमींच वैरी नसतें. तांबडी सुर्ल्याचें कदंबकालीन महादेवाचें देऊळ सह्याद्रीच्या पायथ्याशीं दाट अरण्यांत होतें म्हणूनच टिकलें, असें जाणकार मानतात, आणि आम्हांस तें पटतें.

नव्या जागीं देवस्थानांचा कारभार वाढला, वाद वाढले, आणि सरकारनें १८८६ सालीं देवळांसाठीं नियम केले. १९३३ सालीं ते पुन्हां नव्यानें आले. त्या नियमांनीं महाजनांच्या याद्या पक्क्या झाल्या. उत्सवापूर्वीं प्रांगणांतलें गवत काढणारा, पालखीची वाट झाडणारा सेवेकरी मात्र महाजन म्हणून यादींत आला नाहीं. सेवा हें त्याचें कर्तव्य ठरलें, हक्क दुसऱ्याचा ठरला. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं नांवें त्या याद्यांत असतील. आमच्या घराण्याचेंही आहे, म्हणून हें लिहिण्यास आम्हांला संकोच वाटत नाहीं.

भाटकार आणि मुंडकार यांची कथा याच वळणाची. भाटकारानें आपल्या भाटांत मुंडकाराला झोपडी बांधूं दिली. मुंडकारानें भाट राखावें, रान काढावें, हांक मारली कीं यावें. तो निघून जावा असें भाटकाराच्या मनांत आलें कीं वर्षानुवर्षांची बेणणी कोणत्याही खात्यांत जमा नसे. १९७५ च्या मुंडकार कायद्यानें प्रथमच ती परिणामकारकपणें जमा धरली: त्याला घरांतून काढतां येईना, आणि घराभोंवतींची जागा ठरल्या मापानें विकत घेण्याचा हक्क मिळाला. पंचायतीच्या हद्दींत घरासह ३०० चौरस मीटर, नगरपालिकेच्या हद्दींत २००, अथवा भिंतींपासून ५ मीटर, जें त्याला अधिक लाभाचें असेल तें. ज्या अंगणांत त्याची कोयती चालली तेवढें अंगण, असें या मापाचें साधें भाषांतर होईल.

तथापि आजचा कायदा सर्वत्र कोयतीच्या बाजूचा आहे असें कोणीं समजूं नये. सामाईक मिळकतींत एक भाऊ गांवीं राहून परसूं साफ ठेवतो आणि बाकीचे मुंबईस किंवा लिस्बनला असतात. त्यानें राखलें तें सर्वांसाठींच राखलें, दुसऱ्यांचा हक्क उघडपणें नाकारून त्यांना बाहेर काढल्याखेरीज त्याचा कबजा विरोधी होत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९५६ सालीं स्पष्ट केलें. गोव्यांतीलच एका घराच्या दाव्यांत त्याच न्यायालयानें २०१२ सालीं म्हटलें कीं राखणदार, पहारेकरी किंवा नोकर कितीही वर्षें राहिला तरी जागेंत त्याचा स्वतःचा हक्क उत्पन्न होत नाहीं. मनूच्या दृष्टांतापासून आपण येथवर आलों. नियम न्याय्य आहे, कारण विश्वासानें किल्ली सोंपविणाऱ्याला घर गमवावें लागूं नये. परंतु त्याचा एक परिणाम डोळ्यांना दिसतो: ज्या परसांचे मालक पंधरा-वीस आहेत तेथें कोयती कोणीच उचलीत नाहीं. खर्च एकाचा आणि हिस्सा सर्वांचा, हा हिशेब कोणाला परवडत नाहीं. मग परराज्यांतून आलेला मजूर रोजावर आणतात, आणि तोही आतां कोयतीऐवजीं पेट्रोलवर चालणारें गवतकापणी यंत्र मागतो.

अशा घराची वांटणी न्यायालयांत आली कीं जागेची पाहणी करण्यास कमिशनर नेमला जातो. तो येतो तेव्हां फाटकापासून ओसरीपर्यंत वाटच नसते. वाट मोकळी करूं द्या असें वादी म्हणतो, आणि प्रतिवादी तत्काळ हरकत घेतो. वादीच्या माणसानें आज झाडी तोडली तर उद्यां तो कबज्याचा पुरावा होईल, ही त्याची भीति. शेवटीं उभयतांच्या सह्यांनीं टिपण होतें कीं कोणाचाही हक्क न दुखावतां त्रयस्थ मजुराकडून वाट काढावी आणि मजुरी निम्मी निम्मी द्यावी. मजूर दुपारपर्यंत वांकून काम करतो. घाणेरी पडते, मग टाकळा, मग विहिरीचा कठडा आणि तुळशीवृंदावनाचा एक कोपरा दिसूं लागतो. कमिशनर मापें घेतो. टिपणांत मजुराच्या नांवाची जागा नसते. तो पैसे मोजून घेतो, कोयती पुसतो आणि पुढच्या घरीं जातो.